जाळरेषा

पौष सरत आला, सातपुड्याच्या उतरणीवरचे गवत शेंड्याला पिवळे पडले तरी बुडख्याशी अजून ओलसर राहिले आणि सागाची सुपाएवढी पाने एकेक करून खाली उतरू लागली, की विदर्भातील सरकारी अरण्यांत वर्षाची पहिली आग लागते. आणि ती आग कोणा गुराख्याच्या विडीने लागत नाही, मोह वेचणाऱ्या बाईच्या काडीने लागत नाही, तर खुद्द वनखात्याच्या हुकुमाने, वनखात्याच्या खर्चाने आणि वनखात्याच्या माणसांदेखत लागते. जंगलाच्या हद्दीवरून आणि आतील कक्षांच्या सीमांवरून ठरीव रुंदीचा पट्टा आखावयाचा, त्याच्या कडांचे गवत कापून मध्यावर लोटावयाचे, आठपंधरा दिवस ते उन्हात वाळू द्यावयाचे, आणि मग वारा पडलेल्या एखाद्या संध्याकाळी, दोन्ही बाजूंना हिरव्या फांद्या घेतलेली माणसे उभी करून, त्याला आग लावावयाची, असा हा शिरस्ता आहे. सकाळी तेथे काळीभोर, उघडीबोडकी रेघ उरते. पुढे वैशाखात कोठूनही वणवा धावत आला तरी त्याला खावयास काहीच न मिळाल्यामुळे तो त्या रेघेशी येऊन उपाशी मरावा, अशी तिच्यामागची कल्पना. आणि हिलाच जाळरेषा म्हणतात.

काही वर्षांपूर्वी मेळघाटात अशी एक जाळणी पाहण्याचा योग मला आला होता. सूर्य मावळून अर्धा तास झाला तरी काडी ओढली जाईना, तेव्हा मी शहरी अधीरतेने तेथल्या एका वृद्ध कोरकू मजुराला त्याचे कारण विचारले. तो म्हणाला, "वारा अजून जागा हाय, साहेब. निजू द्या त्याले. दव पडू द्या." त्याच्या त्या साध्या उत्तरात भाषेची एक गंमत दडलेली आहे, हे माझ्या ध्यानात पुष्कळ उशिरा आले. मराठीत दव म्हणजे पहाटेचे जलकण. परंतु संस्कृतात दव म्हणजे अरण्याला लागलेली आग, आणि आपला 'वणवा' हा शब्द 'वनदव' या शब्दापासूनच झिजत झिजत आलेला आहे. अमरकोशकार तर याहून एक पाऊल पुढे जातो. दव आणि दाव या दोन्ही शब्दांचे अरण्य आणि अरण्याग्नी असे दोन्ही अर्थ तो देतो. ज्या काळी हा कोश रचला गेला त्या काळच्या लोकांना अरण्य आणि त्याचा अग्नी या दोन वस्तू एका शब्दात मावण्याइतक्या निकटच्या वाटत होत्या, एवढे तरी त्यावरून निश्चित म्हणता येते. त्या दोहोंची फारकत करण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तोही आपल्या मराठी मुलखाच्या अगदी उंबरठ्यावर, सातपुड्यात.

त्यापूर्वी या डोंगरांत आग नव्हती असे वर्ष क्वचितच गेले असेल. मंडला-बालाघाटकडील बैगा लोक उतारावरची झाडे तोडून, ती वाळल्यावर जाळून, त्या राखेत नांगर न लावता कोदो-कुटकी पेरीत. या शेतीला ते बेवर म्हणत. कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर भाताचे रोप टाकण्याआधी फांद्या, पालापाचोळा आणि शेण यांचा थर पसरून तो भाजावयाचा, याला राब म्हणत, आणि आजही म्हणतात. मोहाची फुले चैत्रात पहाटे गळतात. ती पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून झाडाखालची जमीन जाळून स्वच्छ करावयाची, ही गोंड-कोरकूंची रीत. जून गवत जाळले की ज्येष्ठात कोवळे लुसलुशीत येते, म्हणून गवळी ते जाळीत. वाघाला दबा धरावयास झुडूप राहू नये म्हणून पायवाटेकडेचे रान गावकरी जाळीत. आणि पुष्कळदा तर होळीच्या सुमारास लागलेली आग कोणी लावली याचा पत्ताच नसे. या आगी बहुधा जमिनीसरपट जाणाऱ्या असत. त्या गवत आणि पाचोळा खात, रोपटी होरपळवीत, जुन्या झाडांच्या बुंध्यांना काळे फासून पुढे निघून जात. आषाढात तोच डोंगर पुन्हा हिरवागार झालेला पाहून त्यात काही मोडले आहे असे कोणाच्या मनातही येत नसे.

मनात आले ते इमारती लाकडाचा हिशेब ठेवणाऱ्यांच्या. रेल्वेच्या एका मैलाला सतराशे-अठराशेहून अधिक स्लीपर लागतात. लाकडी स्लीपर दहा-बारा वर्षांत कुजून जातो आणि पुन्हा नवा घालावा लागतो. 1867 साली मुंबईहून येणारी रेल्वे नागपुरास पोहोचली, 1870 साली जबलपुरास. आणि या लोखंडी रुळांखाली घालावयास टिकाऊ लाकूड म्हणजे साग आणि साल, ते येणार कोठून, हा प्रश्न त्यापूर्वीच सरकारच्या दप्तरी येऊन पडला होता. मुंबई इलाख्यात 1847 साली डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली होती. 1864 साली डीट्रिख ब्रँडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ साऱ्या हिंदुस्थानच्या जंगलांचे पहिले महानिरीक्षक झाले. त्यांच्यामागून त्या जागेवर आलेले श्लिख आणि रिबेनट्रॉप हेही जर्मनच. ज्या युरोपीय अरण्यात या मंडळींची विद्या तयार झाली त्या अरण्यात बाराही महिने थोडाबहुत पाऊस पडतो, आणि आग ही तेथे मुख्यतः अपघाताने वा दुष्टाव्याने लागणारी वस्तू असते. चार महिने पाण्यात भिजणारे आणि पुढे काडीसारखे वाळत जाणारे अरण्य त्यांच्या क्रमिक पुस्तकांत नव्हते. त्यांनी येथील सागाची होरपळलेली रोपे पाहिली, पोकळ झालेले बुंधे पाहिले, आणि आग हा अरण्याचा पहिल्या प्रतीचा शत्रू आहे असा निर्णय दिला. त्यांना मूर्ख ठरवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. होरपळलेली रोपे खरीच होती.

हा निर्णय प्रथम अमलात आला तो बोरीच्या जंगलात. पचमढीच्या पठाराच्या दक्षिणेला, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात हे सागाचे रान आहे. त्याचा मालक होता हर्राकोटचा कोरकू जहागीरदार भभूतसिंह. 1858 च्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात उतरले आणि मुलताईच्या दिशेने गेले, त्या धामधुमीत हा भभूतसिंह इंग्रजांविरुद्ध उठला. डोंगरदऱ्यांच्या आधाराने त्याने काही काळ फौजेला झुंजवले, अखेर तो पकडला गेला, 1860 साली फासावर गेला, आणि जहागीर जप्त होऊन बोरीचे रान सरकारजमा झाले. आपल्या देशातील पहिल्या राखीव जंगलांपैकी एक म्हणून जे आज अभिमानाने दाखवले जाते, त्याच्या जन्मपत्रिकेत पहिली नोंद ही अशी जप्तीची आहे. 1861 च्या नोव्हेंबरात मध्यप्रांत हा नवा प्रांत नागपूर राजधानी करून स्थापन झाला, आणि त्याच्या वनखात्याचा पहिला प्रमुख झाला मद्रासी पलटणीतील एक अधिकारी, कॅप्टन पिअर्सन. 1865 साली बोरीचे जंगल राखीव झाले. पण त्याच्या आधीच्या वर्षापासूनच पिअर्सनने तेथे आग शिरू द्यावयाची नाही असा चंग बांधला होता. भोवतीचे गवत वेळेपूर्वीच जाळून टाकावयाचे, आत विस्तव नेण्यास मनाई करावयाची, उन्हाळाभर पहारा ठेवावयाचा, अशी त्याची साधी रीत होती. त्या काळच्या पुष्कळ जाणत्यांना हा उद्योग वेडेपणाचा वाटला. सातपुड्यात आग लागू न देणे म्हणजे आषाढात पाऊस पडू न देण्यासारखेच, असे त्यांना वाटत असले पाहिजे. परंतु बोरी जळली नाही. पिअर्सनच्या या यशाने साऱ्या देशातील वनाधिकाऱ्यांची खात्री पटली, आणि पुढे अग्निसंरक्षण हे नव्या खात्याचे मुख्य कर्तव्य होऊन बसले. याच पिअर्सनकडे पुढे फ्रान्समधील नान्सीच्या वनविद्यालयात शिकणाऱ्या इंग्रज विद्यार्थ्यांची देखरेख सोपवण्यात आली. म्हणजे हिंदुस्थानात येणाऱ्या तरुण वनाधिकाऱ्यांच्या पिढीला, या देशाचे दर्शन होण्याआधीच, बोरीची कथा ऐकावयास मिळाली असणार.

पचमढीचे पठार इंग्रजांच्या लक्षात आणून देणारा जेम्स फॉर्सिथ हाही याच खात्यातला, पिअर्सनचा सहकारी. 1862 साली तो पचमढीस गेला आणि तेथे त्याने एक बंगला बांधला. मध्य हिंदुस्थानच्या डोंगरांविषयी त्याने लिहिलेला ग्रंथ 1871 साली, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथाचा मोठा भाग शिकारीने भरलेला आहे. तरीही डोंगरातील माणसे, त्यांची जाळणीची शेती आणि तिने उघडे पडलेले उतार यांविषयी त्याने जे लिहिले, त्यात पुढच्या साठसत्तर वर्षांच्या सरकारी धोरणाची बीजे सापडतात. बेवरवर बंधने आली. बैगांच्या हाती नांगर देण्याचे प्रयत्न झाले. आणि अखेर 1890 साली मंडला जिल्ह्यात 'बैगा चक' नावाचा एक तुकडा त्यांना बेवर करण्यासाठी राखून देण्यात आला. जंगल राखीव करता करता माणसेही राखीव करण्याची वेळ आली, असे कोणी म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही.

1878 च्या वनकायद्याने या साऱ्याला कायमचे रूप दिले. राखीव जंगलात आग लावणाऱ्यास, किंवा नोटिशीने बंदी केलेल्या दिवसांत तेथे विस्तव पेटवणाऱ्या, ठेवणाऱ्या अगर नेणाऱ्या माणसास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण या कायद्यातील दोन कलमे याहून अधिक बोलकी आहेत. एकात असे म्हटले होते की, जाणूनबुजून अगर घोर निष्काळजीपणाने आग लागली तर सरकारला त्या जंगलातील चराईचे आणि वनोपजाचे सर्व हक्क वाटेल तितक्या मुदतीपर्यंत तहकूब करता येतील. म्हणजे काडी एकाने ओढावी आणि गुरे साऱ्या गावाची उपाशी राहावीत. दुसऱ्यात असे की, जंगलात हक्क असलेल्या प्रत्येक माणसाने आणि गावच्या प्रत्येक चाकराने आग दिसताच नजीकच्या जंगल अगर पोलीस अंमलदारास वर्दी द्यावी, आणि ती विझवावयास धावून जावे. 1927 च्या कायद्यातही ही कलमे जवळपास तशीच उतरली. सरकारने जंगल रयतेपासून तोडले खरे, परंतु रयतेच्या हातांवाचून ते एक उन्हाळासुद्धा टिकणार नाही, याची जाणीव कायदा लिहिणाऱ्यांना पुरेपूर होती.

जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' याच वर्षांत, 1881 ते 1883 च्या दरम्यान, लिहिला; त्यात जंगलखात्याने डोंगर, दऱ्या आणि गायराने गिळल्यामुळे गरीब शेतकऱ्याच्या गुराढोरांना चरावयास जागा उरली नाही, ही तक्रार त्यांनी आपल्या नेहमीच्या धारदार भाषेत मांडली आहे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तर राबासाठी फांद्या तोडण्यावर निर्बंध येताच असा असंतोष उसळला की मुंबई सरकारला 1885 साली एक वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल 1887 साली आला. राब हा भातशेतीला खरोखर आवश्यक आहे का, याची चर्चा त्या काळी सरकारी कागदांत जितकी झाली तितकी क्वचितच कोणा शेतकी रीतीची झाली असेल. शेतकऱ्याला मात्र तो प्रश्न कधी पडला नव्हता. भाजलेल्या वाफ्यातले रोप जोमाने येते आणि तणही जळते, हे त्याला दर पावसाळ्यात दिसत होते.

आता या कथेला एक विलक्षण वळण लागते, आणि ते लागते ब्रह्मदेशात. तेथील सागाच्या जंगलांतही बोरीचा कित्ता गिरवण्यात आला होता. वीस-पंचवीस वर्षे आग बाहेर ठेवल्यावर अरण्य दाट झाले, बांबू माजला, जमीन ओलसर आणि अंधारी झाली, आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप केला तो सागच उगवेनासा झाला. सागाच्या बियांचे कवच इतके कठीण असते की उघड्या, तापलेल्या जमिनीवर पडल्याखेरीज ते सहजी उकलत नाही. रोपट्याला ऊन लागते. आणि वणव्यात शेंडा जळाला तरी त्याचे मूळ जमिनीखाली जिवंत राहते, वर्षावर्षाला जाड होत जाते, आणि एखाद्या वर्षी असा काही कोंब फेकते की पुढच्या आगीच्या ज्वाळांच्या वर त्याचे डोके निघून जाते. साग हे आगीबरोबर राहावयास शिकलेले झाड आहे. आग नाहीशी होताच त्याचे प्रतिस्पर्धी मात्र मोकाट सुटले. 1896 साली स्लेड नावाच्या वनाधिकाऱ्याने 'इंडियन फॉरेस्टर' या खात्याच्याच मासिकात, ब्रह्मदेशात अग्निसंरक्षण गरजेपेक्षा अधिक झाले आहे, असे शीर्षकातच म्हणणारा लेख लिहिला. त्याच्यावर टीका व्हावयाची ती झाली. वरिष्ठांनी तीस वर्षे ज्याला धर्म मानले त्याला एका कनिष्ठाने पाखंड म्हणावे, ही गोष्ट कोणत्याही खात्यात सुखाने खपत नाही. तथापि झाडे वरिष्ठांचे ऐकेनात. आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून तेथील ओलसर सागवनांतून अग्निसंरक्षण हळूहळू मागे घेण्यात आले. आपल्याकडील कोरड्या जंगलांची गोष्ट थोडी निराळी. येथे आगीने जमीन धुपते, पाणी मुरत नाही आणि दरसालच्या होरपळीने नवी रोपे खरोखरच मरतात. परंतु त्या वादातून एक व्यवहारी तडजोड निघाली ती येथेही रुजली: उन्हाळ्याच्या अखेरची रौद्र आग टाळावयाची असेल तर हिवाळ्याच्या अखेरीस, दव असताना, सौम्य आग आपणच लावावी. याला खात्याच्या परिभाषेत आगाऊ जाळणी म्हणत. गुराखी आणि गावकरी पुष्कळदा हेच पूर्वी करीत असत, फक्त त्यांच्याजवळ परिभाषा नव्हती.

अशा रीतीने आगीला आधी गुन्हेगार ठरवण्यात आले आणि मग तिला सरकारी चाकरीत ठेवण्यात आले. माणसांच्या बाबतीतही अगदी तेच घडले. जाळरेषा कापावयास, जाळावयास आणि चार महिने राखावयास माणसे लागत. ती मिळत जंगलालगतच्या गावांतून, म्हणजे ज्यांच्यावर आगीचा संशय घ्यावयाचा त्यांच्यातूनच. मेळघाटात अशा हंगामी मजुराला 'अंगारी' म्हणतात. शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. ऐकणाऱ्याला वाटावे हा आग लावणारा, आणि असतो तो विझवणारा. मघाशी ज्या वृद्धाचा उल्लेख केला त्याला मी त्याच्या घराण्यात हे काम किती दिवसांचे, असे विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, "माह्या आज्याले आगीपायी दंड झाला होता, साहेब. मले आगीपायी रोजी भेटते."

संशय मात्र निराधार नव्हता, हेही सांगितले पाहिजे. आग ही दुबळ्याच्या हातातली तक्रार होती. अर्जाला उत्तर न मिळाले तर ती वापरली जाई. 1921 साली कुमाऊंच्या डोंगरांत बेगारी आणि वननिर्बंध यांनी गांजलेल्या लोकांनी सरकारी चीडवने पेटवून दिली, तेव्हा सरकारला चौकशी समिती नेमून पुष्कळ निर्बंध ढिले करावे लागले, आणि पुढे 1931 साली तेथे वनपंचायतीचे नियम आले. महाराष्ट्रात 1930 च्या जंगल सत्याग्रहाने आगीऐवजी विळा उचलला. 10 जुलै 1930 रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडला आणि अटक करून घेतली. त्यानंतर विदर्भ, बागलाण, संगमनेर, बिळाशी असे करीत हे लोण पसरत गेले, आणि 25 सप्टेंबरला कुलाबा जिल्ह्यातील चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळावर गोळीबार होऊन माणसे मारली गेली. ज्या गवताच्या पेंढीसाठी माणूस तुरुंगात जात होता, त्याच गवताचे पट्टेच्या पट्टे सरकार दर माघात स्वतः जाळून टाकीत होते. या विसंगतीवर त्या काळच्या भाषणांतून कोणी बोट ठेवले की नाही ते मी सांगू शकत नाही. ठेवले नसेल तर वक्त्यांनी एक चांगली संधी दवडली.

वन्य प्राण्यांचा विचार या साऱ्या कारभारात फार उशिरा आला. जंगलखाते हे मुळात लाकडाचे खाते. जनावर हे त्याच्या लेखी एक तर शिकारीच्या परवान्याचे उत्पन्न, नाही तर बक्षीस देऊन मारावयाचा उपद्रव. आगीचा आणि जनावरांचा संबंध शिकाऱ्यांना मात्र नीट ठाऊक होता: जळलेल्या भागात पंधरवड्याने हिरवे कोंब फुटतात आणि त्यांच्या ओढीने चितळ, सांबर, गवे उघड्यावर येतात, म्हणून कित्येक आगींच्या मुळाशी मचाणावर बसू पाहणारा एखादा हौशी बंदूकवालाच असे. त्याच आगीत जमिनीवर घरटी करणाऱ्या मोर, रानकोंबडी, लावे, तित्तिर यांच्या अंड्यांची राख होई, कासवे भाजून निघत, घोरपडी बिळाच्या तोंडाशी मरून पडत. पण त्यांची नोंद ठेवणारे रजिस्टर कोणत्याही कचेरीत नव्हते. महाभारतातील खांडवदहनाच्या प्रसंगी व्यासांनी शार्ङ्गक पक्ष्याच्या चार पिलांसाठी स्वतंत्र आख्यान खर्ची घातले आहे; त्या मानाने आमची वनदप्तरे फारच कोरडी निघाली.

आग आणि प्राणी यांची गाठ किती नाजूक असते हे कान्ह्याच्या बारशिंग्याने दाखवून दिले. मध्य भारतातील कठीण जमिनीवर राहणारी ही बारशिंग्याची जात. मध्यप्रांतात वनाधिकारी असलेल्या आणि तेथील वन्य प्राण्यांवर 1923 साली ग्रंथ लिहिणाऱ्या डनबार ब्रँडर याच्या नावावरून शास्त्रज्ञांनी तिचे नामकरण केले. एकेकाळी हे हरीण शेकड्यांनी कळप करून कान्ह्याच्या गवताळ मैदानांत चरत असे; 1970 साली मोजदाद झाली तेव्हा अवघी 66 उरली होती. कारणे अनेक होती, शिकार होती, गुरे होती, वाघही होता. पण त्यांत एक कारण आगीचे होते. चितळाला पालाही चालतो, बारशिंगा मात्र जवळजवळ निव्वळ गवतावर जगतो, आणि त्याची मादी पिलाला लपवते ती उंच गवतात. ते गवत दरसाल साफ जाळले गेले की पाडसाला आडोसा राहत नाही. चितळांसाठी आणि पाहुण्यांच्या दृष्टीसुखासाठी हिरवे ठेवलेले मैदान बारशिंग्याला असे महागात पडत होते. क्लोद मार्टिन या स्विस अभ्यासकाने 1971 ते 1973 या काळात तेथे राहून या हरणाचा अभ्यास केला. जाळणीला आळा घालण्यात आला, सौंफसारखी मैदानातली गावे उठवण्यात आली, शेताच्या जागी गवत उभे राहिले, एक कुंपणबंद आवार करून त्यात काही हरणे सुरक्षित वाढवण्यात आली, आणि बारशिंगा बचावला. गाव उठले म्हणून हरीण वाचले, हे वाक्य लिहिताना लेखणी थोडी अडखळते. पण घडले ते असे.

1 एप्रिल 1973 रोजी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत मेळघाटचा समावेश झाला. तेव्हापासून जाळरेषेला एक नवेच काम लागले. वाघाचे तळवे मऊ असतात, त्याला काट्याकुट्यांतून चालण्यापेक्षा मोकळी, धुळीची वाट आवडते. आणि जाळरेषेइतकी मोकळी वाट रानात दुसरी कोणती असणार? व्याघ्रगणनेच्या पगमार्क पद्धतीचा सारा भर अशा वाटांवर होता. 1972 साली देशात 1827 वाघ मोजले गेले ते धुळीत आणि राखेत उमटलेल्या ठशांवरूनच. आता ठशांची जागा झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यांनी घेतली आहे, पण कॅमेरे बांधावयाचे ते पुष्कळदा याच रेघांच्या कडेला. जंगल विभागण्यासाठी इंग्रजाने ओढलेल्या रेषा वाघाने आपल्या फेरफटक्याच्या वाटा म्हणून मान्य केल्या, आणि कदाचित त्या मान्य करणारा तोच एकटा होय.

बाकीचे बदल थोडक्यात सांगण्यासारखे आहेत. भारतीय वन सर्वेक्षण संस्था 2004 पासून उपग्रहाने टिपलेल्या आगीची वर्दी पाठवते; 2017 पासून अधिक सूक्ष्म दृष्टीच्या उपग्रहाची त्यात भर पडली, आणि जी बातमी पूर्वी कोतवालाने धावत जाऊन द्यावयाची ती आता वनरक्षकाच्या खिशातील फोनवर येते. पाठीवर अडकवावयाचे ब्लोअर आले आहेत. त्यांच्या झोताने पाचोळा क्षणात बाजूला उडतो. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम म्हणून पाळला जातो. परंतु उपग्रह आग दाखवतो, विझवीत नाही. तिच्यापर्यंत अजूनही पायी जावे लागते, आणि हातात अजूनही पळसाची नाही तर धावड्याची हिरवी फांदीच असते.

दंडाने जे साधले नाही ते कोठे कोठे हक्काने साधले आहे. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव नावाचे एक छोटे गाव आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली त्याला आपल्या भोवतीच्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. विदर्भातील गरिबाच्या घरात उन्हाळ्याचा रोख पैसा येतो तो तेंदूपत्त्यातून, आणि तेंदूला कोवळी, मोठी पाने फुटावीत म्हणून झुडपे छाटून रान पेटवण्याची चाल सर्वत्र आहे. विदर्भातील वणव्यांचे ते एक मोठे कारण. पाचगावच्या ग्रामसभेने बांबूच्या विक्रीवर भिस्त ठेवून तेंदूपत्ता तोडणेच बंद केले. पाने झाडावर राहिली तर फळे येतील, ती आपण खाऊ आणि पाखरेही खातील, असा त्यांचा साधा हिशेब. दीडशे वर्षांत कोणत्याही नोटिशीने असा ठराव करून घेतला नव्हता.

त्या संध्याकाळी मेळघाटात अखेर वारा निजला. म्हाताऱ्याने वाकून गवताच्या एका झुबक्याला काडी लावली; आग आधी चाचरली, मग पट्टा धरून सरकू लागली, आणि दोन्ही कडांची माणसे एक शब्दही न बोलता तिच्याबरोबर पावले टाकीत चालू लागली, जशी एखाद्या खोडकर जनावराला दावणीपर्यंत नेतात तशी. मधून एखादी जीभ कडेबाहेर आली की फांदीचा फटका बसे. तासाभरात ती वळणापलीकडे गेली आणि मागे उबदार, काळा, मऊ रस्ता राहिला. सकाळी मी तेथून पुन्हा गेलो, तेव्हा त्या राखेत एका अस्वलाची पावले उमटली होती, थोडे पुढे साळिंदराची, आणि त्यांवर रात्रीतून गळलेली सागाची पाने जागोजाग पालथी पडली होती. साग फाल्गुन सरेपर्यंत पाने गाळतच असतो. जाळरेषा एकदा जाळून भागत नाही. वळणाच्या टोकाला तो म्हातारा हातात खराटा घेऊन त्यांना बाजूला लोटीत होता. त्याने झाडलेला भाग दहा हात मागे राहतो न राहतो तोच त्यावर दुसरे पान उतरत होते, आणि तो मागे वळून पाहत नव्हता.